बकाइजबद्दल सगळं माहीत, तरी स्प्रेडवर पैसे जातात. असं का?

सायोटोकाठचा (कोलंबस, ओहायो) | ११ ऑगस्ट २०२५

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण पार्श्वभूमीशिवाय कळणार नाही. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी खुलासा. बकाइज म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाची टीम. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला, कॉलेजचा. मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर आधी शाहू स्टेडियमच येतं. पण २००९ साली ओहायो स्टेटला एमएस करायला आलो. सप्टेंबरातल्या पहिल्याच शनिवारी रूममेटने ओढत स्टेडियमवर नेलं. नेव्हीविरुद्ध मॅच, ३१-२७, जेमतेम वाचलो. नियम एक कळला नव्हता. पण लाखभर माणसं एका रंगात, एका बाजूने ‘ओ-एच’ आणि दुसऱ्या बाजूने ‘आय-ओ’, आणि हरता हरता जिंकल्यावर शेजारच्या अनोळखी आजोबांनी मारलेली मिठी! म्हटलं, ही आपलीच पेठ आहे. सोळा वर्षं झाली, पेठ बदललेली नाही. मिशिगनचं नाव मी हे लिहिण्यापुरतं एकदाच घेतो. एरवी आम्ही ‘ती उत्तरेकडची टीम’ म्हणतो. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचा प्रत्येक ‘एम’ लाल पट्टीने खोडलेला असतो. पोरकटपणा आहे, मान्य. पेठेतल्या माणसाला शिकवावा लागत नाही.

आता पैशांचं. ओहायोत खेळांवरची पैज कायदेशीर झाली १ जानेवारी २०२३ ला, मध्यरात्री बाराला. आणि बरोबर त्याच ठोक्याला अटलांटात आमच्या किकर रगल्सने ५० यार्डांचा फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून, तीन गुण) डावीकडे मारला, जॉर्जिया ४२, आम्ही ४१. माझ्या हॉलमध्ये टीव्हीवर एका चौकोनात टाइम्स स्क्वेअरचा गोळा उतरत होता आणि दुसऱ्यात तो चेंडू भरकटत होता. पाहुण्यांनी एकमेकांना ‘हॅपी न्यू इयर’ म्हटलं नाही. मी त्याच रात्री फोनवर ॲप उतरवलं. शकुन ओळखायला हवा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी स्प्रेड: पैज कोण जिंकणार यावर नसते, कितीने जिंकणार यावर असते. लाइन, म्हणजे बुकीने ठरवलेला आकडा, ‘ओहायो स्टेट −२०’ असेल तर आम्ही २१ ने जिंकलो तरच मला पैसे. १९ ने जिंकलो तर गाव नाचतं आणि मी एकटा तोंड पाडून बसतो. बरोबर २० आले तर ‘पुश’, लावलेले परत. शिवाय १०० डॉलर जिंकायला ११० लावावे लागतात.

मला वाटलं होतं, इथे तरी आपला अभ्यास कामाला येईल. सकाळी मुलीचा डबा भरताना कानात टीमचं पॉडकास्ट असतं. पुढच्या फळीतल्या कोणत्या गार्डचा घोटा दुखावलाय हे मला सख्ख्या भावाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी कळतं. राखीव क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) कोणत्या शाळेतून आला, कोणत्या कोचशी त्याचं पटत नाही, सगळं तोंडपाठ.

२०२३ आणि २०२४, दोन्ही सीझन लांब वहीत पेन्सिलने टिपलेत. प्रत्येक पैज ११० ची, एकूण ९६. जिंकलो ४६, हरलो ४८, पुश २. तोटा ६८० डॉलर. एवढ्यात कोणी भिकेला लागत नाही. गंमत पुढे आहे. त्यातल्या ६९ पैजा बिग टेनच्या (आम्ही खेळतो त्या गटाच्या) इतर टीमांवर, ज्यांचे निम्मे खेळाडू मला ओळखूही येत नाहीत. तिथे ३५-३२-२, तोटा फक्त २० डॉलर. उरलेल्या २७ माझ्या स्वतःच्या टीमवर, काही मॅचआधी, काही हाफटाइमला रागाच्या भरात. तिथे ११-१६. ६६० डॉलर गेले.

नेब्रास्काची मॅच घ्या, ऑक्टोबर २०२४. लाइन पंचवीसच्या आसपास. २१-१७ जिंकलो. बायको म्हणाली, “जिंकलात ना? मग असं सुतकी तोंड का?” तिला काय सांगणार.

आणि एक कबुली, जी घरी दिलेली नाही. २० जानेवारी २०२५, राष्ट्रीय अजिंक्यपदाची फायनल, नोत्र दामविरुद्ध. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३१-७ होतो. ते चढत चढत ३१-२३ वर आले. माझी लाइन ८.५. म्हणजे आठने जिंकलो तर करंडक आमचा आणि पैसे बुकीचे. शेवटची २६ सेकंदं उरली असताना आमच्या किकरने फील्ड गोल मारला, ३४-२३. घरातले सगळे सोफ्यावर उड्या मारत होते. दहा वर्षांनी मिळालेला करंडक! आणि मी मान खाली घालून फोनवर रक्कम हिरवी झाली का ते बघत होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, तू बघितलंस का?” मी म्हणालो, “हो.” बघितलं नव्हतं. नंतर रिप्लेमध्ये बघितलं.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. टीमचा जीव तोडून पाठलाग करणारा माणूस स्प्रेडला हरवू शकतो का? की माहिती जितकी जास्त तितका खड्डा खोल? ३० ऑगस्टला टेक्सास घरी येतंय, त्याआधी ठरवायचंय.

---

हार्टफर्डचा_विमेवाला

लेखन आवडलं, वही त्याहून. विम्यात जन्म गेला, त्यामुळे वही दिसली की हात शिवशिवतात.

पुश वगळले तर ९४ पैजा. नाणं उडवलं असतं तर ४७ आले असते. तुमचे ४६. म्हणजे दोन सीझन, शंभर पॉडकास्ट आणि एक नाणं, फरक एका पैजेचा. ११० लावून १०० मिळणार असतील तर नुसतं बरोबरीत राहायला ११० भागिले २१०, म्हणजे ५२.३८ टक्के वेळा जिंकावं लागतं. तुमचा तोटा त्या अडीच टक्क्यांत आहे, अज्ञानात नाही.

पण “माझ्याच टीमवर मी जास्त हरतो” हे मात्र तुमची वही सांगत नाही. २७ नाणी उडवा, ११ किंवा त्याहून कमी छापे पाच वेळांतून एकदा सहज येतात. त्यावरून भक्तीला दोष देऊ नका. आणि उलटंही. समजा तुम्हाला खरंच दृष्टी आहे आणि तुम्ही ५४.४ टक्के जिंकता. ते निव्वळ नशीब नाही, दलाली वजा जाऊनही तुम्ही वर आहात, हे धडपणे दाखवायला अडीच हजारांच्या आसपास पैजा लागतील. तुमची टीम वर्षाला पंधरा मॅच खेळते असं धरलं तर १६६ वर्षं. वही जाड घ्या.

आता घोट्याबद्दल. हॅल स्टर्न नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९९१ साली एनएफएलच्या (इथल्या व्यावसायिक लीगच्या) मॅचचा हिशेब छापला. स्प्रेड एकीकडे, प्रत्यक्षात पडलेला फरक दुसरीकडे, आणि दोन्हीतली तफावत मोजली. सरासरी शून्याला चिकटलेली. म्हणजे लाइन कुठल्याही बाजूला कललेली नाही. पण प्रमाण विचलन, म्हणजे तफावतीचा पसारा, १४ गुणांच्या जवळ! कॉलेजमध्ये पसारा आणखी मोठा, कारण टीमांतली तफावतच मोठी. तुम्हाला कळलेला घोटा समजा अर्ध्या गुणाचा असेल. तो अर्धा गुण तुम्ही चौदा गुणांच्या गोंगाटात ऐकायला निघाला आहात, तोही बुकीने आधीच लाइनमध्ये धरलेला असताना.

एक गैरसमजही काढून टाकतो. लोकांना वाटतं, बुकी दोन्ही बाजूंना सारखे पैसे पडतील अशी लाइन ठेवतो आणि मधली दलाली खातो. स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने २००४ साली एनएफएलवर पैजा लावणाऱ्यांची आकडेवारी तपासली. त्यात दिसलं की पैसे एका बाजूला झुकलेले असले तरी बुकी चालवून घेतो, कारण लोक कुठे झुकतात हे त्याला ठाऊक असतं: फेव्हरिटकडे, म्हणजे वरचढ टीमकडे. तुम्ही त्याच्या हिशेबात आधीच बसलेले आहात.

अवांतर: २०२६ पासून करात हरलेल्या रकमेची ९० टक्केच वजावट मिळणार आहे. १०,००० जिंकून १०,००० हरलात तरी १,००० वर कर. बघा बुवा.

---

मंगळवार_पेठ

काय मर्दा, शिवाजी पेठेचा म्हणतोस आणि हेल्मेट घालून खेळणाऱ्यांना फुटबॉल म्हणतोस व्हय? पीटीएमच्या (पाटाकडील तालमीच्या) पोरांनी वाचलं तर काय म्हणतील. ह.घ्या.

बाकी ते वीस गुण आधीच वजा करायची भानगड लई आवडली. आपल्याकडं पाटाकडील आणि खंडोबा असल्यावर कोण वजा करून घेईल? डोकी फुटतील.

खरा प्रश्न: इकडं बसून हे लावता येतंय का?

---

हार्टफर्डचा_विमेवाला

@मंगळवार_पेठ, नाही, आणि भानगडीत पडू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून जिवंत आहे. कोणी टेलिग्रामवर ‘फिक्स मॅच’ वगैरे पाठवलं तर सरळ ब्लॉक करा.

---

टोलेडोकर

विमेवाल्यांचं गणित बरोबर, पण गणितात माणूस राहून गेला. स्प्रेडला हरवता येतं. मी हरवलंय. फक्त ते धागाकर्त्याला वाटतं तसं नाही.

पहिल्या दर्जाच्या कॉलेज टीमा आहेत एकशे तीसच्या वर. शनिवारी दुपारी ओहायो स्टेटची मॅच असते तेव्हा देशातला प्रत्येक हुशार माणूस, प्रत्येक संगणक त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसलेला असतो. त्या लाइनमध्ये फट कुठून राहणार? पण नोव्हेंबरात मंगळवारी-बुधवारी रात्री आमच्याकडे मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या छोट्या गटाच्या मॅच होतात. टोलेडो, बोलिंग ग्रीन, केंट स्टेट, ॲक्रन. अर्धं स्टेडियम रिकामं, लेक ईरीवरून वारा, तापमान शून्याखाली. त्या मॅचचा आकडा सोमवारी कोणीतरी कंटाळलेला माणूस टाकतो. तिथे मला संधी असते.

माझं गुपित म्हणाल तर वारा. पाऊस पडला की लोक घाबरून एकूण गुणसंख्या कमी येईल असं धरतात; पाऊस तितका त्रास देत नाही. ताशी २०-२५ मैलांचा आडवा वारा मात्र लांब पास आणि फील्ड गोल दोन्ही मारतो. मी ऑफिसातून सुटलो की गाडी बाजूला घेऊन बाहेर उभा राहायचो. टोपी उडाली तर एकूण गुण कमी येतील यावर पैज. हसू नका, तीन सीझन हेच केलं.

दुसरं, आकड्याची किंमत. या खेळात गुण तीनाने आणि साताने येतात, म्हणून मॅचही बऱ्याचदा ३ किंवा ७ च्या फरकाने संपतात. −६.५ आणि −७.५ दिसायला एकाचा फरक, पण मधला सात फार महाग आहे. मी चार ठिकाणी भाव बघितल्याशिवाय लावत नाही. भाजी घेताना बघतो, मग इथे का नाही? धागाकर्ते दादा, तुमची फायनलची ८.५ ची लाइन त्याच दिवशी दुसरीकडे ८ ला मिळत होती की नाही, हे तुम्ही बघितलं होतं का? पैज लावणारा ते बघतो. भक्त आपल्याकडच्या ॲपवर जे दिसेल ते दाबतो, कारण त्याला पैज लावायची नसते, साथ द्यायची असते.

तिसरं, वेळ. मी जिंकलो की नाही हे बघत नाही. मी घेतली तेव्हा लाइन किती आणि मॅच सुरू होताना किती, एवढंच बघतो. मी −३ ला घेतली आणि शेवटी ती −४.५ झाली, तर मॅच हरलो तरी मी बरोबर होतो. हे वारंवार जमत असेल तर काहीतरी येतंय. विमेवाल्यांची १६६ वर्षं यातून बरीच कमी होतात.

घोट्याचं सांगायचं तर, बिग टेनमध्ये २०२३ पासून मॅचच्या दोन तास आधी कोण खेळणार, कोण नाही याचा अहवाल जाहीर करावा लागतो. तुमच्या पॉडकास्टवाल्याला जे माहीत ते बाराच्या मॅचला सकाळी दहापर्यंत सगळ्यांना माहीत. आधी निदान वसतिगृहातल्या पोराला विचारून काही कळायचं. आता ते विचारूही नका. खेळाडूंना त्याचा फार जाच होतो. ओहायोने मार्च २०२४ पासून कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवरच्या पैजा बंद केल्या त्या याच कारणाने. हरलेले लोक एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना शिव्या पाठवत होते.

आता शेवट ऐका. तीन सीझनमध्ये मी चांगला वर आलो. मग एके दिवशी ॲक्रनच्या मॅचवर २०० टाकायला गेलो तर स्क्रीनवर आलं: तुमच्यासाठी कमाल रक्कम ११ डॉलर ४० सेंट. त्या ४० सेंटांचा हिशेब मला अजून लागलेला नाही. दुसऱ्या ॲपवर महिनाभराने तेच. जो हरतो त्याला ते बोनस पाठवतात, जो जिंकतो त्याला अकरा डॉलर. दादा, तुमची मर्यादा कधी कमी केली का त्यांनी?

---

सायोटोकाठचा

@टोलेडोकर, नाही. मला वाढदिवसाला २५ डॉलरची फुकट पैज आली होती. मला वाटलं होतं, चांगली माणसं आहेत.

---

डब्लिनची_वहिनी

डब्लिन म्हणजे आयर्लंड नव्हे, कोलंबसच्या शेजारचं. आमच्याकडे दर शनिवारी सहा-सात घरं जमतात. ॲपबिप काही नाही. आल्यावर प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपली टीम कितीने जिंकणार ते लिहायचं, एक डॉलर गुंडाळायचा आणि चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. ज्याचा आकडा जवळचा, त्याला डबा. चिठ्ठ्या मी ठेवून दिल्यात, कारण नंतर भांडणं होतात.

गेल्या सीझनला सासूबाई सहा महिने आल्या होत्या. त्यांना हा खेळ म्हणजे ‘माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मग जाहिरात लागते’. तरी सगळ्यात जास्त वेळा डबा त्यांनीच नेला. आमच्या यांना फार लागलं. हे गेली वीस वर्षं डेटा सायन्स करतात. शेवटी मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही कसं ठरवता? तर म्हणाल्या, “अगं, टीव्हीवर खाली पट्टीत लिहिलेलं येतं की. उणे चौदा, उणे वीस. त्यांनी काही विचार करूनच लिहिलं असेल ना? मी तेच उतरवते.”

बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्या आकड्याच्या वर. हे, तुमच्यासारखेच, कधी तीसच्या खाली उतरत नाहीत. त्या उत्तरेकडच्या टीमविरुद्धच्या, नोव्हेंबरातल्या काळ्या शनिवारी तर एकाने ४५ लिहिलं होतं. सासूबाईंनी २०. आपण ३ ने हरलो. डबा त्यांनाच, कारण त्यांच्याहून खाली कोणीच गेलं नव्हतं. तेवीसने चुकूनही पहिल्या!

तुमची ती फायनलची गोष्ट वाचून मात्र वाईट वाटलं हो. मुलीला सांगा खरं काय ते. आणि हात आवरेनासा झाला तर १-८००-गॅम्बलर ही हेल्पलाइन लक्षात ठेवा, फुकट आहे, कोणी नाव विचारत बसत नाही.

---

इथाकाकर

वहिनींच्या चिठ्ठ्यांवरून आठवलं. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची मॅच फार धसमुसळी झाली होती. प्रिन्स्टनच्या काझमायरचं नाक मोडलं, मग डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मॅचची तीच फिल्म दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग टिपायला सांगितले. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथचे जेवढे दिसले, ते डार्टमथच्या पोरांना दिसलेल्यांच्या दुपटीहून जास्त. फिल्म एकच. हे १९५४ साली छापून आलं.

आणखी एक. २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात लोकांना त्यांच्या आवडत्या टीमच्या विरुद्ध पैज देऊ केली होती, काहींना तर चक्क फुकट. हरले तर काही जात नाही, आपली टीम हरली तर पैसे मिळतात, दुःखावर तेवढीच फुंकर. तरीही बरेच जण नको म्हणाले.

धागाकर्त्यांना विचारतो: त्या २७ पैजांपैकी टीमच्या विरुद्ध किती होत्या?

---

सायोटोकाठचा

@इथाकाकर, शून्य. मला वाटलं होतं हे सांगायची गरज नाही.

पण तुमच्या प्रश्नामुळे काल रात्री वही परत काढली. एक गोष्ट मी विसरलो होतो. सवयीने मी प्रत्येक मॅचआधी समासात माझा स्वतःचा अंदाज लिहितो, लाइन बघायच्या आधी, बुधवारी-गुरुवारी. पैज लावतो शनिवारी.

३० नोव्हेंबर २०२४ चं पान, वहिनींच्या त्याच काळ्या शनिवारचं. लाइन वीसच्या आसपास, मी लावले ओहायो स्टेटवर. समासात बुधवारचं, माझ्याच अक्षरात: “मॅक्लॉफलिन नाही, सिमन्स नाही. मधून धावता येणार नाही. १० ने जिंकू.”

सेंटर मॅक्लॉफलिनची टाच नोव्हेंबरात गेली होती, डाव्या टॅकल सिमन्सचा गुडघा ऑक्टोबरात ओरेगॉनला. दोघेही पुढच्या फळीतले. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थही माहीत होता. आणि झालंही तसंच. आमचे कोच दिवसभर मधूनच धाव काढत राहिले, भिंतीवर डोकं आपटल्यासारखं. किकरने दोन सोपे फील्ड गोल घालवले. १३-१०. मी त्या दिवशी स्टेडियमवर होतो. थंडीने पाय बधिर झाले होते, मॅच संपल्यावर मैदानाच्या मधोमध झेंड्यावरून मारामारी, पोलिसांचा मिरपूड-फवारा, सगळं डोळ्यांनी बघितलं. पण माझा स्वतःचा अंदाज १० चा असताना मी −२० का घेतली, हे तिथे बसून एकदाही मनात आलं नाही.

मग बाकीची पानंही चाळली. त्या २७ पैकी १९ ठिकाणी समासात अंदाज आहे (उरलेल्या हाफटाइमच्या, तिथे समास कोरा आणि अक्षर वाकडं). १९ पैकी १० वेळा माझा आकडा लाइनच्या खाली होता. दहाही वेळा लावले टीमवरच. त्या दहांत ७ हरलो. म्हणजे उलट लावलं असतं तर...

विमेवाले, तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे.

---

हार्टफर्डचा_विमेवाला

दहात सात. दहा नाणी उडवा, सात किंवा जास्त छापे सहा वेळांतून एकदा येतात. यावर मी कोणाचा विमा उतरवणार नाही. पण समास कोरा सोडू नका, हे मात्र मनापासून.

---

टोलेडोकर

अहो दादा, मग यात अडचण काय? बुधवारचा माणूस हुशार आहे, शनिवारचा नाही. शनिवारच्या हातातून फोन काढून घ्या. टेक्सासचं समासात काय लिहिलंय?

---

सायोटोकाठचा | २८ ऑगस्ट

“टेक्सास ३ ने.”

कारणं लिहितो, म्हणजे नंतर कोणी शब्द फिरवला म्हणायला नको. १४ जण एकाच ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) एनएफएलला गेले. क्वार्टरबॅक नवा, सेयिनची ही पहिलीच सुरुवात. आक्रमण आणि बचाव, दोन्हींचे कोऑर्डिनेटर बदलले. समोर क्रमांक एकची टीम. लाइन मात्र अजून आपल्या बाजूला दोन-अडीचने झुकलेली.

काल रात्री सगळे झोपल्यावर ॲप उघडलं. टेक्सास निवडलं. ११० टाकले. हिरवं बटण आलं, त्यावर त्यांच्या बैलाचं शिंगवालं चिन्ह. अंगठा ठेवायला गेलो आणि खरं सांगतो, घशाशी आलं. डोक्यात एकच: ते टचडाऊन करतील आणि मी माझ्याच सोफ्यावर बसून आतल्या आत खूश होईन. मुलगी शेजारी असेल, तिचा तो लाल जर्सी घालून.

स्क्रीन आपोआप काळी होईपर्यंत तसाच बसलो. मग टीमवरही लावले नाहीत.

---

मंगळवार_पेठ

शाब्बास भावा. पेठ ती पेठ. शिवाजी पेठेची असली तरी.

---

सायोटोकाठचा | ३० ऑगस्ट, संध्याकाळी

१४-७. आपण जिंकलो.

टेक्साससाठी ११० लावले असते तर गेले असते. म्हणजे बुधवारचा हुशार माणूसही घ्या.

चौथ्या, शेवटच्या प्रयत्नात गोलरेषेपासून एका यार्डावर त्यांच्या क्वार्टरबॅक मॅनिंगला आपल्या पोरांनी अडवलं तेव्हा मी उभा होतो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. मुलीने विचारलं नाही, मीच सांगितलं, “बघितलं गं.” आणि जानेवारीतल्या त्या फील्ड गोलचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, “माहीत होतं, बाबा. तू उशिरा ओरडलास.”

---

हार्टफर्डचा_विमेवाला

एक मॅच. वहीत लिहा.

---

डब्लिनची_वहिनी

आमच्याकडे आज डबा कोणाला मिळाला विचारा. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या, रात्र रात्र जागून. पण पट्टी वाचताना उणे चिन्ह दिसलं नाही म्हणे, आणि चिठ्ठीत ‘टेक्सास’ सांगितलं. डॉलर आमच्या यांनी त्यांच्या वतीने टाकला होता. आता तो परत मागताहेत.